पिकलेला मोतीबिंदू : फेको कोणता, बिनटाक्याचं ऑपरेशन कधी?

सव (ता. महाड) : 'लावणी उरकू दे, गणपती होऊ देत, मग बघू' असं म्हणत महाड-पोलादपूरकडची म्हातारी माणसं मोतीबिंदू अंगावर काढतात. त्यात 'पिकल्याशिवाय काढत नाहीत' ही समजूत. जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात ते खरं होतं, आता उलट आहे. जितकं थांबाल तितकं डोळ्यातलं भिंग तपकिरी आणि कडक होतं, ते फोडायला ताकदही जास्त लागते.

गावात फेकोला लेझर म्हणतात, पण त्या ध्वनिलहरी आहेत. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये हे तंत्र आणलं. कल्पना सुचली ती दातांचं कीटण काढायच्या यंत्रावरून! तीन मिलीमीटरहून लहान चिरेतून पोकळ सुई आत जाते, थरथरून भिंगाचा चुरा करते आणि तो ओढून घेते.

फरक आहे सुई हलण्यात. जुन्या पद्धतीत ती सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा पुढे-मागे होते, रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरसारखी. त्यात प्रत्येक ठोक्याला तुकडा दूर ढकलला जातो. 'टॉर्शनल' पद्धतीत सुईचं टोक आडवं हलतं, सुमारे ३२,००० वेळा. ते दोन्हीकडून कापतं, तुकडा टोकाशीच राहतो, उष्णताही कमी. मात्र भिंग फारच कडक असलं तर सुई तुंबते, म्हणून थोडी पुढे-मागे हालचाल जोडीला देतात.

तरी मशीनपेक्षा हात महत्त्वाचा. हत्याराने आधी भिंगाचे तुकडे केले (याला 'चॉप' म्हणतात) तर ध्वनिलहरी कमी लागतात. त्या कमी लागलेल्याच बऱ्या, कारण बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्या फार घटल्या तर बुबुळ सुजून धुरकट होतं, मग ऑपरेशन होऊनही दिसत नाही.

म्हणूनच दगडासारख्या मोतीबिंदूला अनेक डॉक्टर हाताने करायचं बिनटाक्याचं ऑपरेशन निवडतात. चीर सहा-सात मिलीमीटरची, पण ध्वनिलहरी लागत नाहीत आणि खर्चही कमी. शिबिरात हे केलं म्हणजे गरिबाला स्वस्तातलं उरकलं, असं नव्हे. भिंग किती कडक आहे आणि बुबुळाच्या पेशी किती आहेत, हे आधी डॉक्टरांना जरूर विचारावं.

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगेपर्यंत डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात तोवर उतरू नये. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी दाखवावं.