चौसष्ट ठिपक्यांची नक्षी

नक्षी आणि पोत हे आपल्याकडे कापडाच्या दुकानातले शब्द. संगणकावर चित्र करणाऱ्यालाही मात्र ते रोज लागतात. भिंतीवर विटा दाखवायच्या असोत की लग्नपत्रिकेला जुन्या कागदाचा पोत द्यायचा असो, हात तयार नक्ष्यांच्या पेटीकडे वळतो. ही पेटी हौसेपेक्षा गरजेतून जन्मली.

अमेरिकेत ॲपल कंपनीने २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश संगणक बाजारात आणला. त्याच्यासोबत बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेले ‘मॅकपेंट’ हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर होते. पडद्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा, नाहीतर पांढरा. करडा रंग नव्हताच. मग सावली दाखवायची कशी? काळे-पांढरे ठिपके शेजारी मांडून करड्याचा भास निर्माण करायचा. आठ बाय आठ, म्हणजे ६४ ठिपक्यांचा एक चौकोन आखायचा आणि तोच पुनःपुन्हा ठेवत जायचा. ठिपक्यांची रांगोळी ज्यांच्या दारात पडते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. असा चौकोन साठवायला अवघे ८ बाइट पुरत. मॅकिंटॉशची चिन्हे रेखाटणाऱ्या सुझन केअर यांनी नक्ष्याही घडवल्या.

महत्त्वाचे म्हणजे ही पेटी कुलूपबंद नव्हती. नक्षीवर दोनदा क्लिक केले की ती मोठी होऊन उघडे आणि तिचा एकेक ठिपका बदलता येई.

१९९० मध्ये थॉमस आणि जॉन नोल या भावांचे फोटोशॉप आले. पुढे छायाचित्रातला लाकडाचा, दगडाचा, गोणपाटाचा तुकडाच नक्षी म्हणून वापरात आला. १९९६ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठातील स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यात नवी नक्षी बसवणे सोपे आहे. फाइल ‘पॅटर्न्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि यादी ताजी करायची. साधे पीएनजी चित्रही चालते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. तुकड्याची उजवी कड डावीशी आणि वरची खालचीशी जुळली पाहिजे. नाहीतर ठसा चुकलेल्या चादरीसारखा सांधा दिसत राहतो.

नक्ष्या अशा हातोहात फिरू लागल्या. कुणी गावच्या भिंतीचे छायाचित्र काढून दिले, कुणी रात्र जागून वेलबुट्टी रेखली. यातूनच प्रश्न उभा राहिला, की फुकट मिळाले म्हणजे ते आपले झाले का? २००२ च्या डिसेंबरमध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने आले आणि देणाऱ्याला आपली अट साध्या शब्दांत सांगता येऊ लागली. घ्या, वापरा; पण माझे नाव ठेवा, किंवा विकू नका. पुष्कळदा अशी अट नक्षीसोबतच्या छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. आपण नक्षी ठेवतो आणि तो मजकूर पुसून टाकतो.

जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, कारण ती कुणी लिहूनच ठेवली नाहीत. इथे नाव लिहिलेले असते आणि आपण ते गाळतो. नक्षी बसवण्याआधी ती चार ओळींची फाइल वाचायला मिनिटही लागत नाही. एवढी किंमत देण्याइतकी ती नक्षी नक्कीच मोलाची आहे.