दानापासून रोजगारापर्यंत : कर्णबधिरांच्या सेवेतील अनुदानाची वाटचाल

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांना जैन परंपरेत श्रेष्ठ स्थान आहे. या परंपरेच्या आधारावरच समाजाने धर्मशाळा, पांजरपोळ, दवाखाने आणि वसतिगृहे उभारली. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने ठिकठिकाणी बोर्डिंगे चालवून ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाची सोय केली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा आणि शिका' या विचाराला प्रत्यक्ष रूप दिले. घेणाऱ्याचा स्वाभिमान राखून द्यावे, त्याला स्वतःच्या पायावर उभे करावे, ही दानाची पुढची पायरी त्यांनी दाखवून दिली.

१९७४-७५ मध्ये भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त सर्व पंथांनी मान्य केलेल्या जैन प्रतीकाखाली तत्त्वार्थसूत्रातील जे सूत्र घेण्यात आले, त्याचा आशय जीवांनी एकमेकांस साहाय्य करावे असाच आहे. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे कार्य सुरू झाले. जयपूर फूटमुळे पाय गमावलेली असंख्य माणसे पुन्हा चालू लागली. हे कार्य डोळ्यांना दिसणारे असल्याने दात्यांनाही त्याचे मोल चटकन पटले.

कर्णबधिरांच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. बहिरेपण चेहऱ्यावर दिसत नाही. रस्त्यावरून जाणारा कर्णबधिर तरुण इतरांसारखाच धडधाकट दिसतो, म्हणून त्याची अडचण कोणाच्या ध्यानी येत नाही. त्याला कुबडी नको असते वा कृत्रिम पायही नको असतो. त्याच्याशी संवाद साधणारा माणूस आणि त्याच्या हाताला काम, एवढीच त्याची गरज असते. ही गरज भागविण्यासाठी अनुदान मागण्याची व्यवस्था आपल्या देशात कशी घडत गेली, याचा इतिहास सेवाभावी न्यासांना मार्गदर्शक ठरणारा आहे.

शाळा झाली, पुढे काय?

भारतातील कर्णबधिरांच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. १८८५ च्या सुमारास कॅथलिक धर्मगुरू डॉ. लिओ मेरिन यांच्या पुढाकाराने येथे मूकबधिरांची पहिली शाळा सुरू झाली. १८९३ मध्ये कोलकात्यात दुसरी शाळा निघाली. तत्पूर्वी १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांच्या भाषेऐवजी केवळ ओठांच्या हालचाली वाचून बोलण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला होता. भारतातील बहुतेक शाळांनीही दीर्घकाळ हीच पद्धत अनुसरली. मुलाच्या तोंडून चार शब्द उमटावेत यासाठी शिक्षकांनी अपार कष्ट घेतले, परंतु खुणांच्या भाषेला वर्गात मानाचे स्थान मिळाले नाही.

शाळांना हळूहळू लोकाश्रय आणि शासनाचे अनुदान मिळू लागले. इमारती, शिक्षकांचे पगार, वसतिगृहातील मुलांचे भोजन यांसाठी पैसा उभा राहिला. परंतु शाळेतून बाहेर पडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलामुलींचे काय, या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या अंदाजपत्रकात नव्हते. शिवण, सुतारकाम, पुस्तकबांधणी असे धडे काही ठिकाणी दिले जात, पण शिकलेल्या मुलाला कारखान्याच्या दारापर्यंत नेणारा माणूस कोणाच्याच पगारपत्रकावर नव्हता.

शासनाची पावले

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटू लागली. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची देशव्यापी पद्धत रूढ झाली. १९५५ मध्ये कर्णबधिरांनी स्वतः पुढे येऊन दिल्लीत अखिल भारतीय बधिर महासंघ उभारला. १९५९ मध्ये अपंगांसाठी विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत सुरू झाले. १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबाद येथे व्यवसाय पुनर्वसन केंद्रे निघाली. व्यक्तीची क्षमता पारखून तिला योग्य काम सुचविणे हे या केंद्रांचे प्रयोजन होते.

१९७७ मध्ये केंद्र शासनाने तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या पदांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या. त्यांपैकी एक टक्का कर्णबधिरांसाठी होता. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले गेले. १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावे राष्ट्रीय श्रवण अपंग संस्था स्थापन झाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने आरक्षणाला कायद्याचे बळ दिले. पुढे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने आरक्षण चार टक्के केले आणि त्यातही बधिर व श्रवणदोष असणाऱ्यांचा एक टक्का कायम राहिला.

संस्थांना मिळणाऱ्या साहाय्याच्या दृष्टीने १९९९ ची केंद्र शासनाची स्वयंसेवी कार्यास उत्तेजन देणारी योजना महत्त्वाची ठरली. २००३ पासून ती दीनदयाळ अपंग पुनर्वसन योजना या नावाने ओळखली जाऊ लागली. विशेष शाळांप्रमाणेच व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे आणि संरक्षित कार्यशाळा यांनाही तिच्यात स्थान होते. शाळेच्या पुढचा टप्पा अनुदानास पात्र आहे, हे त्यातून मान्य झाले.

अर्जातील अटी आणि त्यांचा अर्थ

या योजनेचा अर्ज भरताना संस्थेची खरी परीक्षा होत असे. किमान दोन वर्षांची नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची यादी, लाभार्थ्यांची नावनिशीवार माहिती, जागेचा पुरावा, कर्मचाऱ्यांची अर्हता, हे सारे जोडावे लागे. जिल्हा समाजकल्याण अधिकारी तपासणी करीत, राज्य शासन शिफारस करी आणि मग प्रस्ताव दिल्लीस जाई. पुढे ही प्रक्रिया संगणकीय झाली.

मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंतच अनुदान मिळे, उरलेला भाग संस्थेने उभा करावयाचा असे. शासनाचा हप्ता बहुधा खर्चानंतर आणि उशिराच हाती येत असल्याने प्रशिक्षकांचे काही महिन्यांचे पगार भागवील एवढी गंगाजळी संस्थेपाशी असणे आवश्यक होते. अनुदानातून घेतलेले शिवणयंत्र वा संगणक जडसंग्रह नोंदवहीत चढवावा लागे आणि शासनाच्या संमतीवाचून तो विकता येत नसे. वर्षाअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नसे. अनेक संस्थांना या अटी जाचक वाटल्या. परंतु सार्वजनिक पैशाला हिशेबाची जोड हवी, ही शिकवण जैन व्यापाऱ्याच्या पेढीला नवी नव्हती.

देवद्रव्य आणि सेवानिधी

जैन न्यासांपुढे आणखी एक प्रश्न होता. मंदिराला अर्पण झालेला पैसा शाळा, दवाखाना वा रोजगार केंद्र यांकडे वळविता येईल काय? परंपरेने देवद्रव्याची मर्यादा कसोशीने पाळली आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील काही तरतुदींना जैन मंदिराच्या एका वहिवाटदाराने आव्हान दिले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात कायद्याचा मोठा भाग ग्राह्य धरला, परंतु धार्मिक न्यासाचा पैसा दात्याच्या हेतूविरुद्ध अन्य कामाकडे वळविण्याची मुभा देणारा भाग रद्द ठरविला. दात्याचा हेतू हा न्यासाचा पाया आहे, हा दंडक त्यामुळे अधिक दृढ झाला.

याचा अर्थ असा की, कर्णबधिरांच्या सेवेसाठी न्यासाला स्वतंत्र उद्देश, स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र खाते ठेवणे भाग आहे. १९६१ च्या आयकर कायद्याने एकाच धर्मसमाजाच्या हितासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासास करसवलत नाकारली होती. शासकीय अनुदानाची सेवाही जातिधर्म न पाहता सर्वांना खुली असावी लागते. श्रवणशक्ती गमावलेल्या माणसाच्या दारात धर्म विचारत बसण्याचे कारण जैन आचारातही नाही. या अटीने न्यासाचे मूळ धोरण अधिक स्पष्ट होते, एवढेच.

बदललेले दरवाजे

गेल्या काही वर्षांत अनुदानाचे मार्ग बदलले आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. ते एप्रिल २०१४ पासून अमलात आले. दिव्यांगांची रोजगारक्षम कौशल्ये वाढविणे हे त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद आहे. असा निधी स्वीकारणाऱ्या संस्थेला २०२१ पासून स्वतंत्र नोंदणी करणे आवश्यक झाले. २०१५ मध्ये दिव्यांगांच्या कौशल्यविकासाची राष्ट्रीय कृती योजना आली. २०१८ मध्ये दीनदयाळ योजनेची फेररचना होऊन तिचे नमुना प्रकल्प नऊवर आणले गेले आणि व्यवसाय प्रशिक्षणाचा भार मुख्यतः कौशल्ययोजनेकडे गेला. २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगांसाठी संस्था चालविण्यास नोंदणी अनिवार्य आहे. त्यामुळे जुन्या योजनेचा जुना नमुना भरून पाठविणाऱ्या न्यासाच्या पदरी निराशाच येते. काम कोणते, ते ठरवूनच दार निवडावे लागते.

आकडेवारीबाबतही सावधगिरी हवी. २००१ च्या जनगणनेत श्रवणदोष असणाऱ्यांची संख्या १२.६ लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती ५०.७ लाख झाली. दहा वर्षांत बहिरेपण चौपट वाढले असे नाही, मोजणीची व्याख्या बदलली. म्हणून अर्जात राष्ट्रीय आकडा उद्धृत करण्यापेक्षा आपल्या तालुक्यातील कर्णबधिर तरुणांची, त्यांच्या शिक्षणाची आणि सध्याच्या कामाची घरोघर जाऊन केलेली नोंद अधिक वजनदार ठरते.

रोजगारसेवा म्हणजे काय?

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र देणे म्हणजे रोजगार देणे नव्हे. मालकाशी बोलणी करणे, मुलाखतीस दुभाषा नेणे, सहकाऱ्यांना काही खुणा शिकविणे, धोक्याच्या घंटेसोबत दिवा बसविणे, सूचना लिहून देण्याची सवय लावणे आणि नोकरी लागल्यावर काही महिने पाठपुरावा करणे, हे सारे रोजगारसेवेत येते. नोकरी सुटण्याचे कारण पुष्कळदा अकुशलता नसून गैरसमज हे असते आणि तो दूर करणारा माणूस वेळेवर पोहोचला तर नोकरी टिकते. हा पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्याचे मानधन आणि दुभाषाचा खर्च प्रस्तावात आरंभीच मांडला नाही, तर नंतर त्यासाठी पैसा मिळत नाही.

दुभाषांची उणीव मोठी आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शब्दकोशात तीन हजार शब्द होते, २०२१ च्या आवृत्तीत ते दहा हजारांवर गेले. ज्या भाषेला शतकभर वर्गाबाहेर ठेवले, तिला असा अधिकृत आधार लाभला. कर्णबधिरांच्या कार्यक्षमतेविषयी शंका घेणाऱ्यांना २००९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मिरॅकल कुरिअर्सने उत्तर दिले. पत्रांची वर्गवारी करणे आणि ती पत्त्यावर पोहोचविणे ही कामे तेथे कर्णबधिर तरुण-तरुणींनी केली. कामाची निवड नेमकी झाली की कान आड येत नाहीत, हे त्यांनी सिद्ध केले.

सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या वाटचालीतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. शाळेला आश्रय मिळाला, मग प्रशिक्षणाला मिळाला, मात्र नोकरी मिळवून देणारा आणि ती टिकविणारा अखेरचा दुवा अद्याप दुबळा आहे. जैन समाजापाशी या दुव्यासाठी लागणारी सामग्री आहे. समाजात दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, सनदी लेखापाल आणि वकील आहेत. अनुदानाचा अर्ज लेखापाल नीट तयार करील, वकील न्यासपत्रातील उद्देश दुरुस्त करून घेईल. परंतु अर्ज मंजूर होऊन प्रशिक्षित तरुण बाहेर पडतील तेव्हा त्यांना उभे राहण्यास जागा समाजाच्या पेढ्यांत आणि कारखान्यांतच मिळावी लागेल. ती नसेल तर शासनाचे नव्वद टक्केही व्यर्थ जातील.

म्हणून कोणत्याही न्यासाने अर्ज लिहिण्यास बसण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. आपल्या गावातील कर्णबधिर तरुणांना बैठकीस बोलावून त्यांना काय काम करावयाचे आहे ते दुभाषाच्या साहाय्याने विचारावे आणि आपल्या विश्वस्तांपैकी कोण किती जणांना काम देईल ते त्याच बैठकीत लिहून घ्यावे. ही दोन पाने जोडलेला अर्ज शासनापुढे सबळ ठरेल, आणि उद्या अनुदान न मिळाले तरी त्या यादीतील तरुणांचे काम सुरू झालेले असेल.