रिकामा वाद्यवृंद : नवी मुंबईतील कराओके आणि तिशीतील पिढीची स्मरणगीते

प्रस्तावना

‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओकेसुतोरा’ म्हणजे वाद्यवृंद. या दोन शब्दांच्या संक्षेपातून ‘कराओके’ ही जपानी संज्ञा सिद्ध झाली. गायकाविना वाजणारा ध्वनिमुद्रित वाद्यमेळ आणि त्यावर आपला आवाज चढविणारा हौशी गायक, असे या प्रकाराचे स्वरूप आहे. महाराष्ट्रात गायक मंडळी त्यास केवळ ‘ट्रॅक’ म्हणतात. नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांची सभागृहे, गणेशोत्सवाचे मांडव आणि हळदीचे कार्यक्रम येथे रुळलेल्या या प्रकाराचा, विशेषतः आज तिशीत असलेल्या पिढीच्या संदर्भात, ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोबे येथील प्रारंभ

टोकियोतील शिगेइची नेगिशी यांनी 1967 मध्ये अशा स्वरूपाचे एक यंत्र तयार केले होते. तथापि कराओकेच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः कोबे शहरातील दाइसुके इनोऊए यांना दिले जाते. मद्यगृहांतील ग्राहकांच्या गाण्याला साथ करणे हा त्यांचा व्यवसाय होता. एका उद्योजकाने सहलीस सोबत चलण्याचा आग्रह केला असता त्यांनी स्वतः न जाता साथीची ध्वनिफीत दिली, आणि त्यातूनच 1971 मध्ये नाणे टाकून चालणारी यंत्रे भाड्याने देण्याचा व्यवसाय उभा राहिला. आरंभी अशी 11 यंत्रे होती. इनोऊए यांनी एकस्व घेतले नाही. साथीदार वादकानेच साथीदाराची गरज संपविणारे यंत्र घडवावे, हा या इतिहासातील विलक्षण भाग होय.

1980 च्या दशकात लहान खोल्यांची कराओकेगृहे निघाली आणि 1992 पासून दूरध्वनीच्या तारेवरून गाणी पुरविण्याची पद्धत आली. नवे गाणे काही दिवसांतच गायनासाठी उपलब्ध होऊ लागल्याने तरुण वर्ग या खोल्यांकडे वळला. जपानमध्ये आज तिशीत असलेल्यांच्या पसंतीच्या गाण्यांत ‘डिजिमॉन’ या चित्रमालिकेचे 1999 मधील शीर्षकगीत ‘बटर-फ्लाय’ किंवा मंगोल 800 या वृंदाचे 2001 मधील ‘चिइसाना कोइ नो उता’ यांसारखी द्रुत लयीची गाणी आढळतात. हे स्मरणरंजन खिन्न नाही; मोठ्याने, एकत्र ओरडून गाण्याचे आहे. नवी मुंबईशी तुलना करताना हा विशेष ध्यानात ठेवावा लागतो.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

कराओके येण्यापूर्वी हे कार्य ‘ऑर्केस्ट्रा’ने केले. पुण्यातील सुहासचंद्र कुलकर्णी यांचा ‘मेलडी मेकर्स’ किंवा प्रमिला दातार यांचा ‘सुनहरी यादें’ ही त्यातील सुपरिचित नावे. गणेशोत्सव, नाट्यगृहे व कामगार वसाहती यांच्या आश्रयावर अकॉर्डियन, ढोलकी, सॅक्सोफोन, काँगो वाजविणाऱ्या वादकांचा चरितार्थ चालत असे. श्रोत्याने मात्र ऐकायचे आणि ‘वन्स मोअर’ द्यायचा, इतकाच त्याचा अधिकार होता. कराओकेने श्रोत्याला मंचावर आणले आणि वादकाला मंचावरून उतरविले. यांपैकी पहिल्या बाजूचे कौतुक पुष्कळ होते. दुसरीचा उल्लेख क्वचितच होतो.

नियोजित शहर आणि त्याची स्मृती

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली. ठाणे खाडीवरील पूल, 1 जानेवारी 1992 रोजी अस्तित्वात आलेली महानगरपालिका आणि त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्दहून वाशीपर्यंत आलेली लोकल यांमुळे वस्ती झपाट्याने वाढली. 2001 च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 7 लाख होती, ती 2011 मध्ये 11 लाखांवर गेली. येथील बहुसंख्य कुटुंबे मुंबईतील चाळींतून, कोकणातून, घाटावरून किंवा परप्रांतांतून आलेली आहेत. आज तिशीत असलेली, म्हणजे ढोबळमानाने 1986 ते 1995 या काळात जन्मलेली पिढी ही या नोडांमध्ये बालपण घालविणारी पहिली मोठी पिढी होय. तिच्या आईवडिलांचे ‘गाव’ अन्यत्र आहे. तिचे स्वतःचे मात्र सेक्टरातच आहे.

या पिढीचे सामाईक संचित दूरचित्रवाणीने घडविले. 1992 मध्ये झी टीव्ही, 1999 मध्ये अल्फा टीव्ही मराठी (2005 पासून झी मराठी) आणि 2000 मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाले. 2002 मध्ये वैशाली सामंत यांनी गायिलेले ‘ऐका दाजीबा’ गाजले. 2004 च्या ‘अगं बाई अरेच्चा!’ पासून 2010 च्या ‘नटरंग’पर्यंत अजय-अतुल यांच्या संगीताने ढोलकी व ताशाला शहरी तरुणांच्या स्नेहसंमेलनात पुन्हा स्थान दिले. 2008-09 मधील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने तर समवयस्क मुलेच मंचावर दाखविली. म्हणून वडीलधाऱ्यांचे कराओके मंडळ मोहम्मद रफी, किशोरकुमार, लता मंगेशकर यांच्या संथ गीतांत रमते, तर तिशीतील मंडळी नाचता येईल असे गाणे निवडतात. दोन पिढ्यांच्या आठवणींतील हे अंतर रुचीचे नसून लयीचे आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

यंत्राची शिस्त

ट्रॅकवर गाण्याचे काही सांगीतिक परिणाम होतात. मूळ गाणे काळी चारमध्ये असेल आणि गायकाची पट्टी काळी एक असेल, तर पूर्वी पेटीवाला सहज खाली उतरत असे. आता यंत्रही पट्टी बदलून देते. ही सोय नाकारण्याजोगी नाही. परंतु मुखडा चुकला, सम हुकली, तर ट्रॅक थांबत नाही. जिवंत ढोलकीवाला एक आवर्तन वाढवून गायकाला सावरून घेत असे. लावणी आणि कोळीगीत या प्रकारांत तर गायक व ढोलकी यांचा सवाल-जवाब हाच रसाचा गाभा आहे. तो ट्रॅकमध्ये एकदाच गोठविला जातो, आणि प्रत्येक गायक त्याच जागी तीच थाप ऐकतो. पडद्यावर ओळींचा रंग बदलत असल्याने पाठांतराचीही गरज उरलेली नाही.

गावठाणातील गाणे

नवी मुंबईचा विचार केवळ स्थलांतरितांपुरता करणे अन्यायाचे होईल. हे शहर 95 गावांच्या जमिनीवर वसले. त्या जमिनीसाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई परिसरात पाच जणांना प्राण गमवावे लागले. आगरी-कोळी समाजातील तिशीची पिढी या घटनेनंतर जन्मलेली आहे. भातशेती आणि मिठागरे तिने बव्हंशी वडिलांच्या बोलण्यातूनच जाणली. हळदीच्या रात्री ती जी कोळीगीते गाते, त्यांतील काही थेट परंपरेतून आलेली, तर काही ध्वनिमुद्रिकेने घरोघरी पोहोचविलेली आहेत. ‘मी डोलकर’ हे त्याचे ठळक उदाहरण : शब्द शान्ता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. अशा गाण्यांचा ट्रॅक सहज मिळतो आणि बंगाली हेमंतकुमारांनी गायिलेल्या ओळी करावे-दिवाळ्याचा तरुण आपल्या समजून गातो. त्यात गैर काही नाही. लोकगीताचे जीवन असेच चालते.

धवल्याची गोष्ट वेगळी आहे. आगरी लग्नातील हे गाणे धवलारीण विधींच्या क्रमाने गाते. त्याची लांबी विधीला लागणाऱ्या वेळेवर ठरते, चार मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेवर नाही. ते बहुतांशी वाद्याविना म्हटले जाते. साहजिकच वाद्यवृंद ‘रिकामा’ करून विकावा असे त्यात काही नसते. कराओकेच्या यादीत जे नाही ते न गाण्याची सवय लागत असेल, तर धोका याच गाण्याला अधिक आहे. जेथे धवलारीण उरली नाही, तेथे मांडवात पहिल्या विधीपासून ध्वनिवर्धकच चालतो, आणि ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 वाजता तो बंद करावा लागतो.