दबा आणि पकड : डंजन्स अँड ड्रॅगन्समधील दोन वादग्रस्त नियमांचा इतिहास

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची कृती तोंडाने सांगतो, सूत्रधार तिचा परिणाम सांगतो आणि जेथे परिणामाची खात्री नसेल तेथे फासे टाकले जातात. अशा खेळांत तलवारीच्या वारावरून सहसा भांडणे होत नाहीत. ती होतात दिसायला साध्या असलेल्या दोन कृतींवरून, शत्रूची नजर चुकवून चोरपावलांनी पुढे सरकणे आणि शत्रूला अंगाने धरून जखडणे. वार हा क्षणात संपणारा व्यवहार असतो : फासा पडला, आकडा जुळला, जखमेचे गुण वजा झाले. लपणे मात्र लपणाऱ्यापुरते नसते, कारण कोणाला काय दिसते आणि कोणाला काय ठाऊक आहे यावर ते अवलंबून असते; आणि पकड ही एक घटना नसून दोन देहांची टिकून राहणारी अवस्था असल्यामुळे, आळीपाळीने चालणाऱ्या खेळात ती नेमकी कोणाच्या पाळीत मोडायची हा प्रश्न उरतोच. या दोन नियमांचा गेल्या पाच दशकांचा इतिहास म्हणूनच बव्हंशी ग्रंथावर किती विसंबावे आणि पंचावर किती, या एका वादाचा इतिहास आहे.

हा वाद खेळापेक्षा जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला गेलेला ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ, फोन राइसविट्झ पितापुत्रांनी घडवला. पित्याने 1812 मध्ये तो राजदरबारी मांडला आणि पुत्राने 1824 मध्ये त्याचे नियम छापले. त्यात दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देत असत आणि नकाशावर प्रतिपक्षाला दिसू शकतील एवढ्याच तुकड्या पंच मांडत असे. टेकडीआडची पलटण नकाशावर नसे, ती पंचाच्या डोक्यात असे. दबा धरण्यासाठी वेगळा फासा टाकावा लागत नव्हता, कारण न दिसणारी गोष्ट खरोखरच दिसत नव्हती. पुढे तक्ते आणि हिशेब इतके वाढले की 1876 मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने त्यांना बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणाऱ्या ‘मुक्त’ युद्धखेळाचा पुरस्कार केला. नियम वाढवायचे, ते डोईजड झाले की पंचाकडे वळायचे आणि पंचाच्या लहरीला कंटाळून पुन्हा नियमांकडे जायचे, ही येरझार येथूनच सुरू झालेली दिसते.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील हौशी युद्धखेळाडूंनी हा वारसा उचलला. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह 1971 मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले. त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नसन आपल्या ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक प्रदेशात पलटणीऐवजी एकेका पात्राचा खेळ चालवीत होते. या दोघांच्या सहकार्यातून जानेवारी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला आणि त्याची पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. तीत लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपासक हे तीनच पात्रवर्ग होते. चोरपावलांनी जाण्याचा स्वतंत्र नियम नव्हता. होता तो फक्त ‘अचंबा’, म्हणजे समोरासमोर येताना सहा बाजूंच्या फाशावर एक किंवा दोन पडल्यास तो पक्ष बेसावध सापडला असे मानण्याचा. बाकी सारे बोलण्यावर चाले. बूट काढले, मशाल विझवली, भिंतीला धरून गेलो असे खेळाडूने सांगायचे आणि पहारेकऱ्याला चाहूल लागली की नाही हे सूत्रधाराने ठरवायचे.

ही मोकळीक 1975 मध्ये आटली. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथील एका छंददुकानाशी संबंधित खेळाडूंनी चोर हा पात्रवर्ग कल्पिला होता. गायगॅक्स यांनी त्याला आपले रूप देऊन ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत समाविष्ट केले आणि सावलीत लपणे, निःशब्द चालणे, कुलूप उघडणे या कृतींना टक्केवारी लावली. ज्या कामासाठी एका वर्गाला आकडा मिळाला, ते काम इतरांना करता येते की नाही, हा प्रश्न त्या क्षणी जन्मला. काल पहारेकऱ्यामागून दबकत गेलेला लढवय्या आज तसे करू पाहील तर त्याच्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. त्यातही चोराची टक्केवारी कीव यावी अशी होती. 1978 च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत पहिल्या पायरीवरच्या, म्हणजे अगदी नवशिक्या, चोराला भिंत चढण्यात 85 टक्के यश मिळे, सावलीत लपण्यात मात्र अवघे 10. दहापैकी नऊ वेळा पकडला जाणारा चोर हा धंद्यात फार काळ टिकणारा माणूस नव्हे, आणि पुष्कळ चोर टिकलेही नाहीत. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने टक्केवारीचे गुण आपल्या मर्जीने वाटून घेण्याची मुभा खेळाडूला दिली. शिवाय लपण्याचा फासा सूत्रधारानेच टाकावा, कारण आपण लपलो आहोत असे पात्राला नेहमीच वाटत असते, असेही सांगितले. या एका सूचनेत प्रशियन पंचाची बुद्धी पुन्हा डोकावते.

पकडीची कहाणी अधिक खडबडीत आहे. टीएसआर या प्रकाशनसंस्थेच्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेच्या 1975 च्या दुसऱ्या अंकात वाचकांच्या शंकांना उत्तर देताना एक नमुना-लढत छापली होती, ज्यात दहा ऑर्क, म्हणजे राक्षसवजा सैनिक, भुयारात वाट चुकलेल्या एकट्या वीराला बेसावध गाठतात आणि त्याला जिवंत धरू पाहतात. ज्या ऑर्कांचा हात वीराला लागला त्यांनी प्रत्येकी एक फासा टाकायचा, चौथ्या पायरीच्या वीराने चार. बेरीज ज्याची मोठी त्याची सरशी. ऑर्क जिंकले तर वीर खाली दाबला गेला, वीर जिंकला तर त्याने सगळ्यांना झटकून टाकले. ही तोड इतकी सुटसुटीत होती की तीच पुढे का चालवली नाही याचे आश्चर्य वाटावे. प्रत्यक्षात 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये बुक्क्या मारणे, कवेत धरणे आणि अंगावर पडून लोळवणे यांसाठी तीन स्वतंत्र पद्धती अवतरल्या. प्रत्येकीत आधी टक्केवारीचा पाया काढायचा, मग बळ आणि चपळाई यांसारख्या गोष्टींची अधिक-उणे करायची आणि मग तक्त्यात बघायचे, की कंबरेला मिठी बसली, मान काखेत सापडली की गळा आवळला गेला. आखाड्यातले डाव कागदावर उतरवण्याची ही धडपड वाचायला मोठी गमतीची आहे. खेळताना मात्र बाकीची मंडळी फराळ संपवून मोकळी होत. 1985 च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’च्या परिशिष्टात निःशस्त्र झुंजीच्या पर्यायी पद्धती छापाव्या लागल्या, हीच मूळ पद्धतीवरची टीका समजायला हरकत नाही.

अडचण मुळात होती. या खेळात चिलखत घातलेल्याला ‘लागणे’च कठीण मानले जाते, म्हणजे पोलाद जखम कमी करीत नाही, वारच चुकवते. वारापुरता हा संकेत खपून जातो. पण चार जणांनी मिठी मारली तर चिलखत काय वाचवणार? 2000 साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत, जी जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी रचली, याचे उत्तर तर्काने दिले गेले. पकडायला जाणाऱ्यावर प्रथम समोरच्याला एक फुकटचा वार मिळे. त्यातून निभावल्यास चिलखत न मोजता केवळ स्पर्शाचा फासा टाकायचा. तो लागला तर दोघांनी बळाचे फासे टाकून ताडून पाहायचे, ज्यात आकाराच्या प्रत्येक पायरीमागे चार गुणांचा फरक पडे. आणि शेवटी पकडणाऱ्याने पटावरच्या प्रतिस्पर्ध्याच्या चौकोनात शिरायचे. तर्क बिनचूक होता, पण एका मिठीला चार टप्पे झाले आणि पकडीत असलेल्याला काय करता येते याची यादी त्याहून लांबली.

याच आवृत्तीत लपणे आणि निःशब्द चालणे ही दोन वेगळी कौशल्ये राहिली आणि त्यांच्यासमोर पाहणे व ऐकणे अशी दोन उभी ठाकली. प्रत्येक कसोटीत 75 टक्के यश मिळते असे धरले तरी दोन्ही कसोट्या एकदम पार पडण्याची शक्यता 56 टक्क्यांवर येते, आणि अंगण ओलांडताना सूत्रधाराने त्या तीनदा टाकायला लावल्या तर 18 टक्क्यांच्या आसपास. कितीदा फासे टाकायचे हे पुस्तक ठामपणे सांगत नसल्यामुळे चोराचे नशीब त्याच्या कौशल्यापेक्षा सूत्रधाराच्या सवयीवर ठरत असे, आणि या गोष्टीकडे तेव्हाच्या टीकाकारांचेही म्हणावे तितके लक्ष गेले नाही.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने दोन्ही कौशल्ये एक केली, पकड एका साध्या हल्ल्यावर आणली, परंतु लपण्याचा नियम इतका संदिग्ध उतरला की त्याच वर्षी तो दुरुस्त करून पुन्हा लिहावा लागला. तिसऱ्या आवृत्तीच्या पायावर 2009 मध्ये पायझो या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या ‘पाथफाइंडर’ने झटापटीच्या सर्व डावपेचांसाठी हल्ल्याचा एक आणि बचावाचा एक असे दोनच आकडे ठरवले, आणि हिशेबाच्या वाटेने मिळालेल्या उत्तरांत हे सर्वांत नेटके मानावे लागेल. दरम्यान जुन्या पद्धतीच्या चाहत्यांनी उलटी दिशा धरली होती. मॅथ्यू फिंच यांनी 2008 च्या आपल्या छोट्या पुस्तिकेत नियमाऐवजी सूत्रधाराच्या निवाड्याला प्राधान्य द्यावे असे प्रतिपादन केले, म्हणजे व्हेर्नुआचीच भूमिका, तीही बहुधा त्याचे नाव न घेता.

2014 च्या पाचव्या आवृत्तीने दोन्ही बाजूंना थोडे थोडे दिले. तीत पकडलेल्याचा वेग शून्य होई, बाकी काही नाही. त्याचा तलवारीचा हात मोकळाच राही, हे कळल्यावर अनेक नवे खेळाडू चक्रावत. लपणाऱ्याच्या फाशासमोर पहारेकऱ्याची सहज सावधता, म्हणजे दहा अधिक त्याचे कौशल्य असा स्थिर आकडा, ठेवल्याने वारंवार फासे टाकण्याची पीडा पुष्कळ कमी झाली. 2024 च्या सुधारित नियमांत पकड ही निःशस्त्र फटक्याचाच एक प्रकार झाली, जिच्यातून निसटायला लक्ष्याने बळाचा किंवा चपळाईचा फासा टाकायचा. आणि लपण्यासाठी 15 हा ठरावीक आकडा आला, तो गाठल्यास पात्र ‘अदृश्य’ ठरते. आडोशातून उजेडात पाऊल टाकल्यावर ही अदृश्यता कुठवर पुरते, यावर नवा वाद लगेच पेटला. 2014 च्या पुस्तकात छपाईनंतरच्या दुरुस्तीने घातलेले एक वाक्य या नव्या पुस्तकातही कायम आहे : लपण्यास परिस्थिती अनुकूल आहे की नाही, हे सूत्रधार ठरवतो.