तुरुंगातील प्रार्थना शाळेत कशी आली

सिनेमाचे गाणे म्हणजे चार दिवसांची चैन, अशी आपल्याकडील सुशिक्षित समाजाची पूर्वापार समजूत आहे. बोलपट गावात यावा, पानाच्या दुकानापासून लग्नाच्या मांडवापर्यंत त्याची गाणी घुमावीत आणि पुढचा बोलपट आला की मागची गाणी विरून जावीत, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. पुष्कळशा गाण्यांच्या बाबतीत ही समजूत खरीही ठरते. परंतु १९५७ साली एका हिंदी चित्रपटाकरिता रचले गेलेले ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ हे गीत मात्र साडेपाच तपांहून अधिक काळ लोटला तरी शाळाशाळांच्या प्रांगणांत सकाळच्या वेळी म्हटले जात आहे. ते म्हणणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांनी तो चित्रपट पाहिलेला असेल. आणि त्याची चाल बांधणारा पुरुष कोकणच्या मातीतला होता, हे तर खुद्द कुडाळ-मालवणच्या मुलांनाही बहुधा ठाऊक नसते.

त्या पुरुषाचे नाव वसंत देसाई. त्यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी, तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील, कुडाळ परिसरातल्या सोनवडे या गावी झाला. हा मुलूख दशावताराचा. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात आख्यान उभे राहते. नेपथ्याचा बडेजाव नाही, पेटी, मृदंग आणि झांज एवढ्याच साथीवर राजे आणि राक्षस पहाटेपर्यंत गात असतात. हा मुलूख भजनाचाही. बुवांनी ओळ सोडावी आणि मंडळींनी ती उचलावी, ही रीत तेथे कोणी मुद्दाम शिकवीत नाही, ती कानावरूनच अंगी येते. गाणे हे एकट्याने मिरविण्याचे नसून अनेकांनी मिळून धरावयाचे आहे, हा संस्कार ज्या प्रदेशाच्या हवेतच आहे, तेथून हा संगीतकार निघाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनी स्थापन झाली. देसाई तरुण वयातच तेथे दाखल झाले. पडेल ते काम करावे, लहानसहान भूमिका वठवाव्यात, गावे आणि संगीत विभागात हाताखाली राबावे, अशी त्यांची उमेदवारी झाली. पुढे व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’ सोडून मुंबईत ‘राजकमल कलामंदिर’ उभारले, तेव्हा देसाईही त्यांच्याबरोबर गेले. १९४३ च्या ‘शकुंतला’ चित्रपटाचे संगीत त्यांचे. होनाजी शाहिराच्या जीवनावरील ‘अमर भूपाळी’, १९५३ चा आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ आणि १९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटांचे संगीतही त्यांचेच. ‘अमर भूपाळी’तील पहाटेचे गाणे महाराष्ट्रातील घराघरांत जाऊन बसले होतेच. चित्रपटगृहातले गाणे देवघरापर्यंत नेण्याची विद्या या माणसाला साधली होती, याची ती पहिली खूण होय.

आता त्या प्रार्थनेच्या जन्माची कथा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत वसविली. मूळचे पोलंडचे असलेले मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा त्यामागे होती. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना बेड्या न घालता, भिंतीआड न कोंडता शेतीला लावावे आणि विश्वासाच्या बळावर माणसात आणावे, असा तो प्रयोग होता. ग. दि. माडगूळकर हे त्याच परिसरात वाढलेले. या प्रयोगावरून त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा रचली. एक अधिकारी सहा खुन्यांना ओसाड जमिनीवर नेतो. त्याच्या हाती शस्त्र नाही, कैद्यांच्या पायी साखळी नाही. त्याचे दोन डोळे आणि त्यांचे बारा हात, एवढेच भांडवल. त्या वस्तीत ही प्रार्थना म्हटली जाते. शब्द भरत व्यास यांचे आणि स्वर लता मंगेशकर यांचा. चित्रपटाला भारतात राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला.

ज्या वर्षी हे गीत जन्मले ते वर्षही अर्थपूर्ण आहे. १९५२ पासून नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना सिनेसंगीताचे वावडे होते. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी आपले काटे रेडिओ सिलोनकडे फिरविले. लोकांची अभिरुची उंचवावी हा केसकरांचा हेतू सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण सगळीच चित्रपटगीते एका मापाने मोजण्यात अन्याय होता. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि सरकारी नभोवाणीचे दार या गाण्यांना पुन्हा उघडले. ज्या जातीच्या गाण्यांपासून समाजाला जपावयाचे होते, त्याच जातीतल्या एका गाण्याला पुढे शाळांनी रोजच्या पाठात स्थान दिले.

असे का घडले? पहिले कारण शब्दांत आहे. या प्रार्थनेत कोणत्याही देवतेचे नाव नाही. ‘मालिक’ हा शब्द कोणत्याही धर्माच्या मुलाला परका वाटत नाही. मागणे धनाचे वा यशाचे नाही. वाईटाची फेड भल्याने करता यावी, एवढ्या बळाचे आहे. दुसरे कारण चालीत आहे. भैरवीच्या छायेतील ही चाल संथ आहे. ओळ एका श्वासात मावते, ताना-मुरक्यांचा अडसर नाही, आणि गळा तयार नसलेल्या दोनशे मुलांनी एकदम म्हटली तरी तिचा डौल मोडत नाही. लतादीदींसारखा गळा हाताशी असता संगीतकाराला अवघड जागा दाखविण्याचा मोह सहज होतो. देसाईंनी तो आवरला. त्यांनी चाल बांधली ती समुदायासाठी.

हा योगायोग नव्हता, याला पुरावा आहे. १९७१ च्या ‘गुड्डी’ चित्रपटातील ‘हमको मन की शक्ति देना’ ही प्रार्थनाही देसाईंचीच. तिचे शब्द गुलज़ार यांचे आणि स्वर वाणी जयराम यांचा. चित्रपटातच ती शाळेत म्हटली जाते, आणि पडद्यावरच्या शाळेतून ती खऱ्या शाळांत गेली. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी कांचीच्या शंकराचार्यांचे विश्वमैत्रीचे जे संस्कृत गीत गायिले, त्याची चालही देसाईंचीच होती.

तरीही एक शंका उरतेच. रोज म्हटलेल्या प्रार्थनेचा अर्थ झिजतो; मुले डोळे मिटतात, ओठ हलवितात आणि मन खेळाच्या तासाकडे लागलेले असते. ही तक्रार खरी आहे. शिवाय शाळेत येताना या गीताचे मूळही तुटले. ते खुन्यांच्या वस्तीतले गीत आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही. वास्तविक त्याचे सारे तेज त्यातच आहे. ज्याच्या हातून घोर अपराध घडला तो, आणि ज्याच्या हातून अजून काहीच घडलेले नाही तो, असे दोघेही या प्रार्थनेत एकाच रांगेत उभे राहतात आणि एकच बळ मागतात. चांगल्या घरच्या मुलाला आपण जन्मतःच चांगले आहोत असे वाटू लागते, त्या वयात ही गोष्ट त्याच्या कानी पडणे अगत्याचे आहे. अर्थ त्या दिवशी न कळला तरी चाल स्मरणात राहते, आणि आयुष्यात प्रसंग आला म्हणजे चालीच्या पाठोपाठ अर्थही येतो.

वसंत देसाई २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात निवर्तले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला, तो त्यांच्या मागे. त्यामुळे ‘सिंधुदुर्गाचे सुपुत्र’ ही पदवी त्यांना हयातीत कोणी दिली नाही. त्यांचा जन्मदिवस जूनच्या आरंभी येतो, तेव्हा शाळा उघडलेल्या नसतात; परंतु २२ डिसेंबरला बहुधा वर्ग भरलेले असतात. त्या सकाळी प्रार्थना संपल्यावर मुलांना खाली बसवून, ही चाल कोणी बांधली, तो कोणत्या गावचा, आणि आटपाडीजवळच्या माळावर बेड्यांवाचून शेती करणारे कैदी कोण होते, हे सांगावयास पाच मिनिटे पुरतात.