हिम, चिखल आणि पाऊलखूण : तैलरंगातील हिमदृश्याची मराठी समस्या

ज्या भूमीवर हिम पडत नाही तेथील चित्रकाराने हिमदृश्य का रंगवावे, आणि रंगवल्यास त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे, हा प्रश्न वरवर पाहता चित्रकलेपुरता मर्यादित वाटतो. वस्तुतः तो अनुभव आणि आविष्कार यांच्या संबंधाचा, म्हणजेच मराठी समीक्षेतील एका जुन्या वादाचा प्रश्न आहे. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यानची चिखलोली हे या प्रश्नाचे टोकाचे उदाहरण म्हणून घेता येईल. मलंगगडाच्या डोंगररांगेकडे पाहणारा हा परिसर धरणाचा, कारखान्यांचा आणि कोकणी पावसाचा आहे. त्याच्या नावातच चिखल ऐकू येतो. अशा ठिकाणी कॅनव्हासवर बर्फाच्छादित माळ, निष्पर्ण वृक्ष आणि त्यांखाली उभी जनावरे उमटली, तर ती केवळ उसनवारी म्हणायची काय?

या प्रश्नाला मराठी समीक्षेत दोन ठळक उत्तरे संभवतात. भालचंद्र नेमाडे यांनी 'टीकास्वयंवर' (१९९०) मध्ये मांडलेली देशीयतेची संकल्पना साहित्यकृतीची मुळे तिच्या भूमीत आणि समाजात शोधते. या भूमिकेचा सरळ विस्तार चित्रकलेकडे केला तर चिखलोलीतले हिमदृश्य निर्मूळ ठरेल. उलट बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर भर दिला. त्या दृष्टीने हिम कोठले हा प्रश्नच गौण होतो. पांढऱ्या आणि निळसर रंगसंवेदनांची संघटना तेवढी उरते. पहिल्या भूमिकेत चित्र भूगोलाला बांधले जाते, तर दुसरीत चित्रातले जनावर एक रंगाचा ठिपका होऊन बसते. हिमदृश्याचा इतिहास पाहिला असता ही दोन्ही उत्तरे अपुरी असल्याचे दिसते.

महाराष्ट्रातील कलेत हिम प्रथम आले ते दृश्य म्हणून नव्हे, संकेत म्हणून. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडलेल्या वेरूळच्या कैलास लेण्यावर पांढऱ्या गिलाव्याचे अवशेष आजही आढळतात. त्या शुभ्रतेचा संबंध अभ्यासक हिमाच्छादित कैलासाशी जोडत आले आहेत. त्याच मंदिराच्या अधिष्ठानावर हत्ती आणि सिंह यांच्या रांगा आहेत. म्हणजे पांढरा पर्वत आणि प्राणी यांचे एकत्र दर्शन या भूमीला तैलरंगांच्या कितीतरी शतके आधीपासून परिचित होते. मात्र तेथील पांढरा रंग थंडी सुचवीत नाही. तो दिव्यत्व सुचवितो. आणि तेथील हत्ती गारठलेला नाही, तो भार वाहतो. चिखलोलीपासून जवळच असलेले अंबरनाथचे शिवालय (शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) हिमालयाच्या जामाताचे असूनही कोकणच्या काळ्या दगडातच उभे आहे. देव आला, त्याचे हवामान आले नाही. हिमालय अशा रीतीने कथेतून, श्रद्धेतून आणि काव्यातून मराठी मनात वावरत होता, डोळ्यांपुढे नव्हता.

एकोणिसाव्या शतकात हा संकेत बदलला. १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे कार्य सुरू झाले आणि यथार्थदर्शनाचे, छायाप्रकाशाचे शिस्तबद्ध शिक्षण येथे रुजले. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. निसर्गचित्र हा स्वतंत्र प्रकार प्रतिष्ठा पावला. याच सुमारास मुद्रित चित्रांचा प्रसार वाढला. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, आणि पौराणिक हिमालय घरोघर भिंतीवर आला. पुढे विसाव्या शतकात कॅलेंडरांनी युरोपातील हिमदृश्येही आणली. ज्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता त्यांनी बर्फाचे चित्र मात्र शेकडो वेळा पाहिले. मराठी हौशी चित्रकाराच्या हिमदृश्याचा उगम बहुधा या मुद्रित चित्रात आहे. ते वस्तूचे चित्र नसून चित्राचे चित्र असते.

त्याची उणीव नेमकी कोठे प्रकट होते? ती भूगोलात नव्हे, छायेत प्रकट होते. अननुभवी चित्रकार हिम पांढऱ्या रंगाने रंगवितो. वास्तविक हिमाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. आकाश जसे असेल तसे ते होते. निरभ्र दिवशी सूर्याकडील उतार पिवळसर आणि सावल्या निळ्या-जांभळ्या दिसतात, कारण सावलीत थेट ऊन पोचत नाही, आकाशाचा प्रकाश तेवढा पोचतो. क्लोद मोने याच्या १८६८-६९ मधील 'मॅगपाय' या चित्रात कुंपणाची सावली अशीच निळसर आहे. १८६९ च्या पॅरिसमधील सलाँने ते चित्र नाकारले. फाटकावर बसलेला तो काळा-पांढरा पक्षी आकाराने नगण्य आहे. पण त्याच्या काळेपणामुळेच सभोवतीच्या पांढऱ्या रंगाच्या असंख्य छटा वेगळ्या होतात. मर्ढेकरांची विरोधलय येथे अवश्य सापडते. तथापि तो पक्षी केवळ ठिपका नाही. तो उडून जाईल ही जाणीव त्या दृश्याला काळाचे परिमाण देते.

तैलरंग हे माध्यम या कामी का उपयोगी पडले, याचाही विचार केला पाहिजे. ते सावकाश वाळते. त्यामुळे ओल्या रंगात ओला रंग मिसळून उष्ण आणि शीत पांढऱ्यातील सूक्ष्म संक्रमणे साधता येतात. शिशाचा सफेदा दीर्घकाळ प्रमुख होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जस्ताचा थंड पांढरा आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून टायटॅनियमचा दाट पांढरा रंगपेटीत आला. १८४१ मध्ये जॉन रँड याने कथिलाची दाबता येणारी रंगनळी सिद्ध केली आणि तैलरंग घेऊन उघड्यावर बसणे सोपे झाले. हिमदृश्याच्या दृष्टीने आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. जवसाचे तेल काळाने पिवळसर होते. करडईचे तेल तुलनेने कमी पिवळते, जरी त्याचा थर अधिक सावकाश वाळतो आणि काहीसा दुबळा राहतो. विदर्भातील जवस आणि सोलापूरकडील करडई ही दोन्ही महाराष्ट्राची रब्बी पिके आहेत. परक्या म्हटल्या जाणाऱ्या हिमाला बांधून ठेवणारे तेल या मातीतही पिकते. देशी-परकी ही विभागणी साहित्यसामग्रीच्या पातळीवरच डळमळते.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष दर्शनाचा. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली घडलेले नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०-१९९२) यांनी १९३० नंतरच्या दशकात काही काळ काश्मीरमध्ये चित्रकार म्हणून नोकरी केली. देवळालीकरांच्या शिक्षणात उघड्यावर जाऊन रंगविण्यास विशेष स्थान होते. बेंद्रे यांच्यासाठी हिमालय पुराणातून किंवा छापील चित्रातून आला नाही. तो हवा आणि प्रकाश म्हणून समोर उभा राहिला. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, हा प्रकाश वाचण्याची क्षमता त्यांनी काश्मीरमध्ये नव्हे, माळव्याच्या उन्हात कमावली होती. अनुभवाचा विषय बदलला. अनुभव घेण्याची रीत तीच राहिली.

हा मुद्दा हिमातील जनावरांच्या संदर्भात अधिकच स्पष्ट होतो. थोरल्या पीटर ब्रॉइगेलच्या 'हिमातील शिकारी' (१५६५) या ओकच्या फळीवरील तैलचित्रात तीन शिकारी आणि त्यांचे कुत्रे गावाकडे परततात. शिकार म्हणून पाठीवर एकच कोल्हा आहे. समोरच्या बर्फात सशाच्या पाऊलखुणा उमटल्या आहेत. ससा मात्र निसटला आहे. हिम हे येथे रंगाचे क्षेत्र नसून लेखनाचे पृष्ठ आहे. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'च्या प्रारंभीच्या हिमालयवर्णनातही सिंहाची पावले आणि त्या खुणा पुसणारे वितळते हिम यांचा संबंध येतो. एकीकडे खूण टिकते, दुसरीकडे ती धुतली जाते. परंतु दोन्ही ठिकाणी अनुपस्थित प्राणी पृष्ठभागावरून वाचला जातो. हिमातील जनावर म्हणजे प्रथमतः त्याचे पाऊल होय.

मुद्रित चित्रावरून रंगविलेले जनावर हिमावर तरंगते, कारण त्याच्या खुराखाली दाबलेली जमीन नसते. पाय किती रुतला, कडा कोठे फुटली, खुराभोवतीची सावली किती गडद, पोटाखाली बर्फाचा परावर्तित उजेड किती, हे तेथे पाहिलेलेच नसते. आता चिखलोलीकडे वळावे. पावसाळ्यात चिखलातून जाणारी म्हैस हीच सर्व ज्ञानसामग्री पुरविते. वजन, रुतणे, कडेचे उचलणे, खळग्यात साचलेले आकाश हे संबंध हिमात आणि चिखलात समान आहेत; भेद रंगाचा आणि तापमानाचा आहे. ज्याने म्हशीचा खूर नीट पाहिला त्याला हिमातील गाय रंगविताना अर्धी वाट आधीच चाललेली असते. ज्याने तो पाहिला नाही त्याला प्रत्यक्ष काश्मीरही फारसे साहाय्य करणार नाही.

यावरून देशीयतेचा निकष टाकून द्यावा असे नव्हे, तर त्याचे स्थान बदलावे असे म्हणता येईल. मूळ शोधायचे ते चित्रविषयात नव्हे, पाहण्याच्या सवयीत. विषय परका असूनही पाहणे देशी असू शकते. आणि विषय अंगणातला असूनही पाहणे उसने असू शकते. बैलगाडी आणि कौलारू घर यांची साचेबंद निसर्गचित्रे याची साक्ष देतील. मर्ढेकरांच्या लयविचारालाही येथे एक पुरवणी जोडावी लागते : संवेदनांची संघटना निर्वात पोकळीत होत नाही, ती कोणत्या तरी जमिनीवर पाय रोवलेल्या शरीराकडून होते. मराठी हिमदृश्यापुढे उभे राहताना समीक्षकाने हिम कोठून आले हे विचारण्याआधी जनावराच्या पायाखाली पाहावे. तेथे भार जाणवत असेल तर ते चित्र या भूमीचे आहे, मग त्यावर कितीही बर्फ पडलेला असो.