प्रलयानंतरचे जग आणि अमरावतीचा खांब

प्रलयानंतरचे उजाड जग दाखविणारे चित्रपट पुष्कळ निघाले; त्यांतले बहुतेक लोकांनी वर्षभरात विसरूनही टाकले. जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा 'मॅड मॅक्स : फ्यूरी रोड' मात्र २०१५ साली आला आणि अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर मला अमरावतीतच सापडते.

त्या चित्रपटात भरधाव मोटारींवर उंच खांब उभे आहेत आणि खांबांच्या टोकांना माणसे आहेत. खांब झुलतो, टोकावरचा माणूस शेजारच्या ट्रकवर झेपावतो. हे दृश्य संगणकावर रंगविलेले नव्हे. नामिबियाच्या वाळवंटात २०१२ साली कसलेल्या कसरतपटूंनी ते प्रत्यक्ष केले. खांबाच्या बुडाशी वजन लावून तोल साधला होता. संगणकाने आकाश बदलले, दोर पुसले. देहाचा भार मात्र खराच राहिला.

आम्हां वऱ्हाडकरांना हा खांब परका नाही. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि १९३६ साली मंडळाचे खेळाडू ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला आपले देशी खेळ दाखवून आले. खांबावरच्या पोराची पकड क्षणभर सैल झाली की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो गोळा खोट्या चित्राने येत नाही.

छायाचित्रकार जॉन सील यांनी महत्त्वाची वस्तू चौकटीच्या मध्यावर ठेवली. त्यामुळे मार्गारेट सिक्सेल यांनी तुकडे कितीही भराभर जोडले तरी डोळा भांबावत नाही. त्यांच्या संकलनाला ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले.

पण नुसत्या कसरतीवर लोक भाळले असते तर सर्कशीचे तंबू ओस का पडले असते? या कथेत कड्यावरचा सत्ताधीश पाणी अडवून बसला आहे. लहर लागली की क्षणभर सोडतो, आणि खाली तहानलेली माणसे भांडी घेऊन एकमेकांवर कोसळतात. अकोल्याकडे पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. तिथल्या बाईला हा देखावा कल्पित वाटणार नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ सोसलेल्या या मुलखाला तहान समजावून सांगावी लागत नाही.

शेवटी ते पाणी सोडतात त्या वर कोंडून ठेवलेल्या आया. तेवढा वेळ पडद्यावर एकही मोटार धावत नसते.